विश्लेषण : स्टेअरिंगचा ‘टाय रॉड’ कधी बदलावा? ऊस वाहतुकीत तो तपासतो कोण?

‘चालकाचा ताबा सुटला’ हे अपघाताच्या बातमीतले ठरलेले वाक्य. ताबा का सुटला, हे त्यात क्वचितच असते. वेग, झोप, मद्य, मोबाइल यांची चर्चा होते; पण पुढच्या चाकांना स्टेअरिंगशी जोडणारा दांडा आणि त्याच्या टोकाची गोळी शाबूत होती का, हा प्रश्न मागे राहतो. सातारा जिल्ह्यात घाट, सांगलीत ऊस आणि दोन्हींतून जाणारा पुणे-बेंगळूरु महामार्ग. एमएच-११, एमएच-५० आणि एमएच-१० या क्रमांकांच्या गाड्यांना हे तिन्ही झेलावे लागते. गाळप हंगाम सुरू झाला, की रस्त्यावरचा भार आणखी वाढतो. म्हणून या छोट्या भागाची मोठी गोष्ट.

टाय रॉडचे काम काय?

चालक स्टेअरिंग फिरवतो, तेव्हा खाली एक दात्यांची पट्टी, म्हणजे रॅक, डावी-उजवीकडे सरकते. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड असतात. ते चाकाच्या नकलला, म्हणजे ज्यावर चाक फिरते त्या लोखंडी भागाला, ढकलतात किंवा ओढतात आणि चाक वळते. ट्रकमध्ये आणि जुन्या ट्रॅक्टरमध्ये रचना थोडी निराळी. तिथे स्टेअरिंग बॉक्समधून ड्रॅग लिंक एका चाकाकडे जाते आणि दोन्ही चाकांना आडवा जोडणारा लांब टाय रॉड दुसरे चाक वळवतो.

वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावे लागते, नाहीतर टायर घासतात. ही भूमिती मोटारीपेक्षा जुनी आहे. म्युनिकचा गाडी बनवणारा गेऑर्ग लांकेनश्पेर्गर याच्या कल्पनेचे पेटंट रुडॉल्फ आकरमान याने १८१८ मध्ये लंडनमध्ये घेतले, तेही घोडागाडीसाठी. टाय रॉडची लांबी ही भूमिती सांभाळते. ती दोन-तीन मिलिमीटरने बदलली, तरी गाडीची चाल बदलते.

चाक एकाच वेळी वर-खाली होते आणि वळतेही. त्यामुळे टाय रॉडचे टोक घट्ट बोल्टने आवळून चालत नाही. तिथे वाटीत बसलेली पोलादी गोळी असते, बॉल जॉइंट. वाटीत ग्रीस आणि वर रबरी टोपी, म्हणजे बूट. या जोडाचे आयुष्य बहुतेक वेळा त्या रबरावर ठरते.

झीज कशाने होते?

बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि पाणी-माती आत. महाबळेश्वर-पाटणच्या पट्ट्यात चार महिने धो धो पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे फाटलेल्या बुटातून पाणी शिरते आणि गोळीला गंज चढतो. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागात धूळ शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखी गोळी घासते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात ट्रॅक्टरच्या पुढच्या धुऱ्याला चिकटलेला चिखल वाळून खडे होतात आणि रबर कापतात. हवामान तीन तऱ्हांचे, परिणाम एकच.

दुसरे कारण धक्के. खड्डा, न दिसणारा गतिरोधक, शेताचा बांध, उभे राहून स्टेअरिंग जोराने फिरवण्याची सवय. पसरणी, केळघर, आंबेनळी, कुंभार्ली यांसारख्या घाटांत स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सतत फिरते. सपाट रस्त्यावर वर्षभर निभावणारा सैल जोड घाटात लवकर बोलू लागतो.

लक्षणे कोणती आणि तपासायचे कसे?

स्टेअरिंग थोडे फिरवूनही गाडी न वळणे, म्हणजे ‘प्ले’. हळू वेगात वळताना पुढून येणारा ‘टक्-टक्’ आवाज. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढणे. टायरची एक कड खाल्ली जाणे आणि हाताने चाचपल्यावर रबराला करवतीसारखे दाते लागणे. यातली काही लक्षणे टायरमधील हवा, बेअरिंग किंवा सस्पेन्शनमुळेही दिसतात. त्यामुळे आवाज आला म्हणून थेट टाय रॉड बदलणे हाही उधळेपणाच.

तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावायचा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे आणि पुढचे चाक उचलून गाडी घोडीवर टेकवायची; नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी चाक धरून आत-बाहेर हलवले आणि खटका जाणवला, तर संशय टाय रॉडवर. बारा आणि सहाच्या जागी धरून खटका आला, तर बेअरिंग, किंगपिन किंवा सस्पेन्शनचा बॉल जॉइंट. दुसरी पद्धत त्याहून बोलकी. चाके जमिनीवर ठेवून एकाने स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने जोडावर बोटे ठेवायची. रॉड हलतो आणि चाक उशिरा हलते, तेव्हा बोटांना ते लगेच कळते.

बदलताना चूक कुठे होते?

गॅरेजमध्ये हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम समजले जाते, आणि घोटाळाही तिथेच होतो. गोळीचा खुंट निमुळता असतो. तो नकलच्या निमुळत्या भोकात आवळून बसतो आणि वर्षानुवर्षे तिथे जाम होतो. तो सोडवायला पुलर मिळतो. तो नसेल तर घण थेट खुंटाच्या आट्यांवर मारला जातो. टोक टाकूनच द्यायचे असेल तर एकवेळ ठीक. पण रबर किंवा दुसरा जोड बदलण्यासाठी ते फक्त सुटे करायचे असेल, तर चांगल्या भागाची वाट लागते. जुने मिस्त्री खुंटावर न मारता नकलच्या भोकाच्या कडेवर आडवा ठोका देतात. भोक क्षणभर ताणते आणि खुंट सुटतो.

जुने टोक काढण्याआधी लॉक नटची जागा खुणेने धरायची आणि किती फेरे फिरवून टोक निघाले ते मोजायचे. नवे टोक तेवढेच फेरे बसवले, तर लांबी जवळपास जुळते. जवळपासच, अलाइनमेंट त्यानेही चुकत नाही. ट्रकच्या लांब रॉडला एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे मधला दांडा फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. हे लक्षात न घेता पाना लावला, की नट सुटण्याऐवजी आवळला जातो.

सर्वांत घातक चूक मात्र काही रुपयांच्या वस्तूची. खाचांचा कॅसल नट आवळल्यावर त्यातून आरपार स्प्लिट पिन घालून तिचे पाय वाकवायचे असतात. खाच आणि भोक जुळत नसेल, तर नट आणखी थोडा आवळून जुळवायचा, सैल करून नाही. काढलेली पिन पुन्हा वापरायची नाही, कारण एकदा वाकलेले पाय दुसऱ्यांदा सरळ केले की तुटतात. तिच्या जागी तार किंवा खिळा घातलेला दिसला, तर ते गॅरेज बदलावे. काही गाड्यांत पिनऐवजी नायलॉनचा नट असतो, तोही दरवेळी नवाच.

वाकलेला रॉड गॅसवर तापवून सरळ करणे आणि झिजलेल्या जागी वेल्डिंगचा भर चढवणे हे ‘अजून चालतंय की’ या वृत्तीचे टोक आहे. पोलादाला कारखान्यात दिलेली ताकद तापवल्याने जाते. रॉड दिसायला सरळ होतो आणि पुढच्या खड्ड्यात, पूर्वीपेक्षा कमी धक्क्याने, वाकतो किंवा तुटतो. वाकलेला रॉड बदलायचाच.

ग्रीसचा नियम साधा. ट्रक-ट्रॅक्टरच्या जोडांना निपल असेल, तर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे आणि चिखलातल्या कामानंतर लगेच ग्रीस भरायचे. जुने, काळे ग्रीस बाहेर आले की थांबायचे. जास्त दाब दिला तर बूट फुटतो. मोटारींचे बहुतेक जोड बंद असतात, त्यांना ग्रीस भरता येत नाही. तिथे देखभाल म्हणजे दर सर्व्हिसिंगला बूट डोळ्यांनी पाहणे.

अलाइनमेंट नाही केले तर?

चाकाची दिशा अर्ध्या अंशाने चुकली, तर टायर दर किलोमीटरला सुमारे पावणेनऊ मीटर आडवा घासला जातो. सातारा ते सांगली हे कराडमार्गे अंदाजे १२० किलोमीटर. म्हणजे एका फेरीत सुमारे एक किलोमीटर टायर आडवा ओढल्यासारखा. अलाइनमेंटचे पैसे वाचवणारा ते टायरवाल्याला देतो, तेही कित्येक पटींनी.

नियम काय म्हणतात?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ स्टेअरिंगबद्दल आहे. स्टेअरिंग व्हीलवरील प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नको, जोडणीतील बॉल जॉइंट रबरी टोपीने झाकलेले हवेत आणि बोल्ट किंवा पिना नीट लॉक केलेल्या हव्यात, असे तो सांगतो. म्हणजे फाटलेला बूट आणि पिनऐवजी घातलेला खिळा हा नुसता गलथानपणा नाही, नियमभंगही आहे.

३० अंश ही कमाल मर्यादा आहे, समाधानाची नव्हे. स्टेअरिंग आणि चाक यांचे प्रमाण पंधरास एक धरले, तर स्टेअरिंगचे ३० अंश म्हणजे चाकाचे दोन अंश. अडीच मीटर व्हीलबेसची मोटार हळू वेगात दोन अंशांवर सुमारे ७० मीटर त्रिज्येचे वळण घेते. एवढ्या वळणाचा हिशेब चालकाच्या हातातून निसटलेला असतो. खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या ‘एस’ वळणावर तो किती महाग पडेल, हे तिथून रोज जाणाऱ्यांना सांगायला नको.

कंपनीचाच भाग सदोष निघाला तर?

तेही घडले आहे. मारुती सुझुकीने जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि ईको या मॉडेलच्या ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या या गाड्यांच्या स्टेअरिंग टाय रॉडमधील एका भागात दोष असण्याची शक्यता होती. तो क्वचित प्रसंगी तुटू शकतो आणि गाडी वळवण्यावर परिणाम होऊ शकतो, असे कंपनीने म्हटले होते. बदली भाग मोफत होता. या काळातली गाडी जुनी विकत घेतली असेल, तर चॅसी क्रमांक देऊन काम झाले आहे का, याची खात्री करून घेणे शहाणपणाचे. विशेषतः ईको, कारण ती भाजीपासून शाळेच्या मुलांपर्यंत सगळे वाहते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ नुसार केंद्र सरकारही कंपनीला सदोष वाहने परत घेण्याचा आदेश देऊ शकते.

मग उसाचा ट्रॅक्टर कोण तपासतो?

ट्रक, टेम्पो, बस यांना योग्यता प्रमाणपत्र लागते. आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. निदान त्या निमित्ताने कोणीतरी स्टेअरिंग हलवून पाहतो. शेतीचा ट्रॅक्टर मात्र नियमांच्या व्याख्येत परिवहनेतर वाहन आहे. त्याची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते आणि मध्ये अशी सक्तीची नियमित तपासणी नाही. शेतात नांगर ओढणाऱ्या वाहनासाठी ही सवलत समजण्यासारखी आहे. पण तोच ट्रॅक्टर हंगामभर दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस घेऊन रात्री-अपरात्री राज्यमार्गाने रेठरे, साखराळे, कुंडल किंवा यशवंतनगरला जातो, तेव्हा तो कामाने मालवाहू असतो. भाड्याने ऊस ओढला तर तो ‘शेतीचा’ राहतो का, हा कायद्याचा वाद निराळा. स्टेअरिंगला त्या वादाशी देणेघेणे नाही.

या कामात ट्रॅक्टरच्या टाय रॉडवर जादा अन्याय होतो. ट्रॉलीचा भार हुकावर आला, की ट्रॅक्टर पुढून हलका होतो. चढावर किंवा शेतातून बाहेर पडताना पुढची चाके उठतात आणि आपटतात. तो धक्का सरळ जोडावर येतो. आंतरमशागतीसाठी पुढच्या चाकांतील अंतर कमी-जास्त केलेले असेल, तर टाय रॉडची लांबीही त्याप्रमाणे बदलावी लागते. ते राहिले, तर नव्या टायरचे दात हंगाम संपण्याआधी गेलेले असतात.

ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा दोन्ही जिल्ह्यांत होत आल्या आहेत आणि त्या हव्यातच. रिफ्लेक्टरने मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसते. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव ट्रॅक्टरच्या पुढच्या धुऱ्यावर असतो. तोडणी-वाहतुकीचे करार कारखाने हंगामाआधी करतात, उचलही देतात. वाहनमालकाची कागदपत्रे तेव्हा घेतली जातातच. स्टेअरिंग, ब्रेक आणि हुकाच्या तपासणीचा दाखला त्यात जोडायला नवा कायदा लागत नाही. हंगाम सुरू झाल्यावर तर कारखान्याच्या आवारात वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरांची रांग तासन् तास उभी असते. एक जॅक, एक ग्रीस गन, मूठभर स्प्लिट पिना आणि दोन जाणती माणसे एवढ्यावर तिथेच प्रत्येक ट्रॅक्टरचे पुढचे चाक हलवून पाहता येईल.