अंधांना देणगी हवी, की त्यांच्या मालाला मागणी?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात दोन गृहस्थ आले होते. एक अंध, दुसरे त्यांच्या सोबतीला. त्यांच्या संस्थेत अंध व अल्पदृष्टी कामगार मेणबत्त्या, खडू आणि पाकिटे तयार करतात. पावतीपुस्तक निघाले, प्रत्येकाने खिशात हात घातला, पन्नास-शंभराच्या पावत्या फाटल्या. निघताना त्या अंध गृहस्थांनी सहज विचारले, “सर, तुमच्या कॉलेजला खडू कुठून येतात?” अर्थशास्त्र शिकविणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकालाही उत्तर ठाऊक नव्हते.

बारामती व इंदापूर या तालुक्यांत दानत कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते तेव्हा वारकऱ्यांसाठी घरोघरी चुली पेटतात. नीरा डाव्या कालव्यावर ऊस उभा राहिला, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले, पुढे औद्योगिक वसाहत आली. पैसा आहे. तो कशासाठी मागावयाचा आणि कोणत्या रूपाने द्यावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

अंधांना रोजगार देणारी संस्था ही शाळाही नव्हे आणि रुग्णालयही नव्हे. तिला बाजारात माल विकून मजुरी द्यावयाची असते. प्रशिक्षणास अधिक वेळ, ने-आणीची सोय, डोळस पर्यवेक्षक, या सर्वांचा खर्च मालाच्या किमतीत घातला तर माल खपत नाही आणि न घातला तर तूट येते. एक कल्पित हिशेब मांडू. वीस कामगार, दरमहा प्रत्येकी १२ हजार रुपये. म्हणजे वर्षाला २८ लाख ८० हजारांची मजुरी. कच्च्या मालाचा खर्च वजा जाता विक्रीतून याची निम्मी रक्कम निघाली, तरी १४ लाख ४० हजार रुपये दर वर्षी बाहेरून आणावे लागतील. एकदाच नव्हे, दर वर्षी.

येथेच आपल्या दानधर्माची वृत्ती आड येते. इमारतीला देणगीदार मिळतो, कारण भिंतीवर संगमरवरी पाटी बसविता येते. यंत्रालाही मिळतो. परंतु मार्च महिन्याच्या पगारावर कोणाचे नाव कोरणार? शिवाय देणगी व विक्री दोन्ही दिवाळीच्या पंधरवड्यात एकवटलेली. पणत्या-मेणबत्त्यांसाठी मेण उन्हाळ्यात घ्यावे लागते, पैसे कार्तिकात येतात. मधल्या काळात खेळते भांडवल नसल्याने हात रिकामे बसतात.

त्यातच जुने व्यवसाय एकेक करून गेले. खुर्च्यांचे वेत विणणे हे एके काळी अंधांच्या हमखास रोजगाराचे साधन होते. प्लॅस्टिकच्या खुर्चीने ते संपविले. कार्यालयांतील टेलिफोन ऑपरेटरची जागा स्वयंचलित यंत्रणेने व मोबाइलने घेतली. खडूच्या मागे आता पांढरा फळा लागला आहे. उलटपक्षी, पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीए ही संगणक-प्रणाली, जिचा आरंभ २००६ साली ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी केला, फुकट मिळते. फुकट मिळत नाही तो ती शिकविणारा शिक्षक. निधी मागावयाचा तर त्याच्या वेतनासाठी मागावा.

हा निधी येणार कोठून? कंपनी कायदा २०१३ अन्वये मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी लागते आणि अपंगांचे व्यवसाय-कौशल्य त्या कार्यांच्या यादीत आहे. मात्र कंपनीची ही थैली वेगळी आणि खरेदी खात्याची वेगळी. पहिलीतून संगणक येतात, दुसरीतून मागणी नोंदविली जाते. संस्थेने दोन्ही दारे ठोठावावीत. पगारदारांचे म्हणाल, तर २०२३-२४ पासून मूळ ठरलेल्या नव्या करपद्धतीत देणगीवरील वजावट नाही. करसवलतीचे आमिष दाखवून कारकुनाकडून देणगी मिळविण्याचे दिवस बहुतांशी सरले.

कोणी म्हणेल, दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याने टनामागे एक रुपया कापला तरी दहा लाख होतात. हिशेब बरोबर आहे. पण ऊसबिलातील परस्पर कपात म्हणजे दान नव्हे. २०२५ मध्ये अतिवृष्टीनंतर टनामागे १५ रुपये घेण्याच्या सरकारी निर्णयावर वाद झाला तो यामुळेच. सभासदांनी वार्षिक सभेत ठराव करून दिले तर गोष्ट निराळी.

याहून जवळचा पैसा ग्रामपंचायतीत आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्चावा असा राज्याचा दंडक आहे. माझ्या पाहण्यातील गावांत तो माणशी काही रुपयांच्या वाटपात संपतो. गरजूचा तो हक्क हिरावून घ्या असे मी म्हणत नाही. परंतु पाच-दहा गावांनी मिळून त्यातील काही भाग प्रशिक्षणाला आणि कामावर जाण्याच्या प्रवासखर्चाला दिला, तर वाटपातून न साधणारे काही साधेल. ग्रामसभेत हा प्रश्न विचारण्यास कोणाची हरकत नसावी.

तरीही देणगीपेक्षा मागणी मोठी. महाबळेश्वरचे भावेश भाटिया स्वतः अंध आहेत. १९९० च्या दशकात हातगाडीवर मेणबत्त्या विकीत त्यांनी प्रारंभ केला आणि पुढे अनेक अंधांना काम देणारा उद्योग उभारला. तो उभा राहिला गिऱ्हाइकांच्या बळावर. अर्थात प्रत्येक संस्थेला असा उद्योजक लाभत नाही, म्हणून सरकारी खरेदीचा आधार लागतो. अमेरिकेत १९३८ च्या वॅग्नर-ओडे कायद्याने संघराज्याच्या खात्यांना झाडू व पुसण्यांसारख्या वस्तू अंधांच्या ना-नफा कार्यशाळांकडून घेणे भाग पाडले. त्याच वर्षीच्या श्रमकायद्याने अपंगांना किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याची मुभा ठेवली, हेही विसरू नये. हमखास मागणीबरोबर हमखास मजुरी आपोआप येत नाही. आपल्याकडे केंद्रीय खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २५ टक्के हिस्सा आहे, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांना ४ टक्के आणि स्त्रियांच्या उद्योगांना ३ टक्के. अंधांच्या कार्यशाळेला तसा वेगळा वाटा नाही.

त्या दिवशी दुपारी मी कार्यालयात जाऊन चौकशी केली. खडू आता फारसे लागत नाहीत, असे मुख्य लिपिकांनी सांगितले. उत्तरपत्रिकांची पाकिटे, फायली व फिनेल मात्र पुष्कळ लागते. दरपत्रके जून महिन्यात मागवितात, तीन असावी लागतात. चौथे आले तर चालेल का, असे मी विचारले. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “चालेल की. आजवर कुणी दिलं नाही.”