माझे मत शुक्राला

कोणता ग्रह सर्वांत विलक्षण, असा वाद वसतिगृहाच्या गच्चीवर निघाला की बहुमत बहुधा शनीच्या बाजूने पडते. दुर्बिणीतून एकदा त्याची कडी पाहिलेल्या मुलाला दुसरे काही सुचत नाही. गुरूच्या पोटात हजाराहून अधिक पृथ्व्या मावतील, म्हणून काहींचा कौल त्याला. मंगळावर वस्ती करण्याची स्वप्ने पाहणारे तर हल्ली पुष्कळच. रूप किंवा आकार पाहून मत देणे मात्र मला पटत नाही. ज्याच्याकडे पाहताना ‘हे असे का झाले?’ हा प्रश्न पाठ सोडत नाही, तो ग्रह विलक्षण. आणि या कसोटीवर माझे मत शुक्राला आहे.

शुक्र हा पृथ्वीचा जवळजवळ जुळा भाऊ. त्याचा व्यास १२,१०४ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीहून सुमारे साडेसहाशे किलोमीटर कमी. वस्तुमान पृथ्वीच्या ८१ टक्के. तरीही त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस, शिसे वितळून वाहू लागेल इतके, आणि हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून अधिक. सोव्हिएत संघाचे व्हेनेरा-७ हे यान १५ डिसेंबर १९७० रोजी तेथे उतरले आणि २३ मिनिटे क्षीण संदेश पाठवून गप्प झाले. १९८२ मध्ये व्हेनेरा-१३ ने १२७ मिनिटे तग धरला व रंगीत छायाचित्रे पाठवली. त्यांत दिसणाऱ्या सपाट, भेगाळलेल्या खडकांची घडण बेसॉल्टशी जुळणारी निघाली. कार्ले-अजिंठ्याची लेणी ज्या पाषाणात कोरली, त्याच कुळातली.

सूर्याजवळ असल्यामुळे शुक्र तापला, हे उत्तर वरवरचे आहे. बुध त्याहून जवळ आहे, तरी तो भर दुपारीही शुक्राहून थोडा थंडच, आणि रात्री तर उणे १८० अंशांपर्यंत गोठतो. शिवाय शुक्राचे ढग सुमारे तीन चतुर्थांश सूर्यप्रकाश परतवून लावतात. म्हणून तर शुक्राची चांदणी एवढी लखलखते. खरे कारण हवेत आहे. तेथील वातावरणात ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि तो उष्णता बाहेर पडू देत नाही. आश्चर्य असे की, जवळपास तेवढाच कार्बन पृथ्वीपाशीही आहे. येथे तो पावसाने धुतला गेला, समुद्रात उतरला, शिंपल्यांत व प्रवाळांत गेला आणि चुनखडी होऊन खडकांत बसला. शुक्रावर पाणी टिकले नाही, म्हणून तो वायू वरच राहिला. तेथे कधी काळी समुद्र होते काय, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

आणि हाच शुक्र पत्रिकेत शुभ! उलट ज्या मंगळाचे नाव घेऊन शेजारच्या घरांतील मुलींची स्थळे आजही परत जातात (शेजारच्याच का, काही आपल्याही), त्या मंगळावर मानवाने पाठवलेल्या गाड्या वर्षानुवर्षे फिरत राहतात. मुलाकडून शाळेसाठी ग्रहांचा तक्ता पाठ करून घ्यायचा आणि त्याच्या बहिणीची पत्रिका मंगळासाठी तपासायची, हे एकाच घरात चालत असेल तर तो तक्ता वाया गेला असे पालकांनी समजावे.

शुक्रावरील स्थळांना स्त्रियांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. तेथील एक विवर डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचे आहे. भारताच्या शुक्रमोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा प्रक्षेपणासाठी मार्च २०२८ ठरवण्यात आला. तोवर माजी विद्यार्थ्यांनी मिळून वसतिगृहाला एक चांगली दुर्बीण भेट द्यावी. शुक्रालाही चंद्रासारख्या कला असतात, हे गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले. आपली मुले ते गच्चीवरून पाहतील. त्या दुर्बिणीने शनीच्या पक्षाची मते आणखी वाढतील, याची मला पूर्ण कल्पना आहे.