दूरस्थ अपत्यांची कैफियत

दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांतील पद्मनाभपुर नावाच्या वस्तीत माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई राहते आणि तिचा मुलगा मी पुण्यास राहतो, एवढी दोन विधाने एका श्वासात उच्चारली की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो, वडील गेल्यापासूनची नऊ वर्षे, मी पाहत आलो आहे. बहुतेक माणसे सभ्य असतात आणि काही बोलत नाहीत, परंतु गेल्या दिवाळीत एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला सरळ विचारले, "अहो, आई तिकडे आणि तुम्ही इकडे, याला सेवा म्हणायचे का?" प्रश्नात दंश नव्हता, कळकळ होती, आणि कळकळीच्या प्रश्नास उडवून लावणे योग्य नव्हे, म्हणून ही कैफियत.

स्नेह्यांचा पक्ष प्रथम त्यांच्याच बळाने मांडतो. सेवा ही देहाने करावयाची गोष्ट आहे. रात्री उठून पाणी देणे, न्हाणीपर्यंत हात धरून नेणे, तापलेल्या कपाळावर हात ठेवणे, यांपैकी एकही कर्म हजार किलोमीटरांपलीकडून होत नाही. ज्या पुंडलिकाने आईबापांची सेवा चालू असताना दारी आलेल्या देवालाही विटेवर तिष्ठत ठेवले, त्याला आपण महाराष्ट्रधर्माच्या केंद्रस्थानी मानतो. आणि जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'त परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणारे म्हातारे जोडपे पाहून आपण रडलो ते काही उगाच नव्हे. तेव्हा मुलाने परत जावे, नाही तर आईला आणावे. पैसे आणि फोन ही तिसरी वाट म्हणजे पळवाट होय.

या पक्षातील पहिली चूक इतिहासाची आहे, आणि ती भिलाईत उभे राहून पाहिली म्हणजे लख्ख दिसते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला प्रांतरचना बदलली आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्या अवधीत वऱ्हाड-नागपुराकडची तरुण मुले ज्या गावी नोकरीस निघाली ते गाव परराज्यात जाऊन बसले. माझे वडील १९६१ साली वर्धा जिल्ह्यातून असेच निघाले. कारखान्याच्या सेक्टरातील क्वार्टरमध्ये त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागले तेव्हा त्यांनी पद्मनाभपुरात हे घर घेतले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते माझ्या आजीला मनीऑर्डर करीत, पावतीवरचा तिचा अंगठा पाहून पावती डब्यात ठेवीत, आणि वर्षातून दोनदा गावी जात. त्यांना कोणी कधी कुपुत्र म्हटले नाही. जे शहरच दूर गेलेल्या मुलांनी वसवले, त्याच्या गल्लीत बसून दूर गेलेल्या मुलाला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही.

यावर स्नेही म्हणतील, आणि म्हणालेही, की तुमच्या आजीजवळ थोरले काका होते, काकू होत्या, भरले घर होते. हे मात्र सत्य आहे, आणि मी ते बिनशर्त मान्य करतो; इतकेच नव्हे, तर माझा पुढील सर्व युक्तिवाद याच सत्यावर उभा आहे. वडिलांची मनीऑर्डर सेवा ठरली ती काकूंच्या हातांमुळे. वादाचा खरा प्रश्न म्हणूनच मुलगा किती कोसांवर आहे हा नसून आईजवळ कोण आहे, आणि त्या जवळच्या माणसामागे दूरचा मुलगा कितपत उभा आहे, हा आहे.

पुंडलिकाचा दाखला तर मला माझ्याच बाजूचा वाटतो. त्या कथेचा प्राण अंतरात नाही, अग्रक्रमात आहे: सर्वश्रेष्ठ पाहुणा दारी आला असताना त्याला थांबावयास सांगण्याची छाती त्या मुलाला झाली. कचेरीतील महत्त्वाची बैठक थांबवून जो आईच्या डॉक्टरांचा फोन प्रथम घेतो, त्याने आपल्यापुरती एक वीट पुढे सरकवलेली असते. आणि एकाच छपराखाली राहून जो आईशी चार दिवस बोलत नाही, त्याच्या जवळ असण्याचे काय करावयाचे? आणखी एक गोष्ट. मातृभक्तीचा जो ग्रंथ मराठी घराघरांत गेला, तो 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिला, आणि त्यातील श्याम आईच्या अंतकाळी तिच्याजवळ नव्हता. शिक्षणासाठी तो दूर होता. त्या पुस्तकाच्या पानापानांत ते शल्य आहे. पण म्हणून श्यामला आईचे प्रेम नव्हते असे म्हणण्याचे धैर्य कोणत्याही मराठी वाचकाला होणार नाही.

राहिला दुसरा उपाय, 'आणून ठेवा'. तो मी करून पाहिला. वडील गेले त्या पावसाळ्यात आईला पुण्यास आणले. आमच्या घरात लिफ्ट होती, दवाखाना जवळ होता, नातवंडे होती. आणि आई दोन महिने खिडकीशी बसून राहिली. पद्मनाभपुरात तिला भाजीवाला आवाजावरून ओळखतो, आणि पन्नास वर्षांत मुरलेल्या तिच्या मराठी-हिंदी-छत्तीसगढी मिश्रणात ती त्याच्याशी लालभाजीच्या जुडीवरून घासाघीस करते. पुण्यात भाजी दारात पिशवीतून येत असे आणि बोलावयास कोणी नसे. रात्री ती उठे आणि न्हाणी समजून कपाटाचे दार उघडी. म्हाताऱ्या माणसाच्या अंधारातल्या पावलांना घराचा नकाशा पाठ असतो. नवे घर कितीही सोयीचे असले तरी त्या पावलांना ते अनोळखी असते, आणि स्मृती विरळ होऊ लागलेल्या माणसाची संभ्रमावस्था स्थलांतराने वाढते हे डॉक्टरही सांगतात. तिसऱ्या महिन्यात मी तिला आझाद हिंद एक्स्प्रेसने परत नेले. दुर्ग स्थानकाच्या फलाटावर उतरताना तिने माझा हात सोडला आणि ती माझ्या पुढे चालू लागली. ज्याला त्या दिवशी तिच्या चालण्यातला फरक दिसला असता, त्याने मला पुन्हा 'आणून ठेवा' म्हटले नसते. एक दिवस असा येईल की तिला स्वतःच्या बळावर उठता येणार नाही, आणि त्या दिवशी तिने यावे की मी जावे हे ठरवावे लागेल. तो दिवस येईपर्यंत तिचे घर तिच्याकडून हिरावून घेण्याचा अधिकार माझ्या सोयीला नाही.

मात्र माझ्याच पक्षातील काहींचा समाचार घेतल्यावाचून ही कैफियत खरी ठरणार नाही. महिन्याच्या एक तारखेला रक्कम पाठवली की कर्तव्याचा हिशेब चुकता झाला असे मानणारे दूरस्थ आहेत. आणि त्यांच्याहून आधुनिक असे, आईच्या खोलीत कॅमेरा बसवून आपण तिच्याजवळ आहोत असे मानणारेही आहेत. मीही तो बसवला होता. दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावर केवळ पांढरे दिसू लागले: आईने त्यावर वडिलांचे उपरणे टाकले होते. फोनवर ती एवढेच म्हणाली, "मी काय चोरी केली आहे, बाळा?" मी तो कॅमेरा काढविला.

मग दूरस्थाने करावयाचे तरी काय? माझे उत्तर असे, की त्याने व्यवस्था करावी, आणि व्यवस्था हा शब्द त्याने पूजेइतक्या गांभीर्याने घ्यावा. आमच्याकडे जवळच्या खेड्यातून एक बाई येतात, सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत राहतात. रात्री शेजारच्या घरातील शिकणारी मुलगी झोपावयास येते. बाई आईला 'दाई' म्हणतात. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. आपल्या मराठीत दाई म्हणजे जिच्या हाती बाळ सोपवावे ती. त्या घरात दोन्ही बायका एकमेकींच्या दाई आहेत, आणि माझे काम त्या नात्याला तोशीस लागू न देणे एवढेच आहे: बाईंचा पगार तारखेस जावा, त्यांना हक्काची रजा असावी, रजेच्या दिवसाची बदली मी आधी शोधावी, आणि त्यांच्या मुलाच्या परीक्षेची तारीख मला आईच्या तपासणीच्या तारखेइतकीच ठाऊक असावी.

बाई एका वहीत रोज लिहितात आणि शेजारची मुलगी रात्री त्या पानाचे छायाचित्र मला पाठवते. गेल्या श्रावणात आई मला तीन दिवस फोनवर "सगळं ठीक आहे" असेच सांगत होती, आणि वहीत तीन दिवस एकच ओळ होती: 'दाई ने भात नहीं खाया, सिर्फ चाय.' कवळी टोचून हिरडीला जखम झाली होती. मी धावत येईन आणि खर्च होईल म्हणून तिने ते लपवले होते. तेव्हापासून मी "जेवलीस का?" असे विचारीत नाही, "आज भाजी कोणती केली, आणि उरली किती?" असे विचारतो, कारण या प्रश्नाला 'ठीक आहे' हे उत्तर होऊच शकत नाही.

याहून कठीण आहे ते स्वतःला आवरणे. १९९१ साली वार्धक्यवैद्यकाच्या एका अमेरिकी नियतकालिकात 'कॅलिफोर्नियाची मुलगी' या नावाने एका वर्तनाची नोंद झाली: आजारी म्हाताऱ्यापासून दीर्घकाळ दूर असलेले अपत्य अचानक येते आणि जवळच्यांनी व डॉक्टरांनी विचारपूर्वक ठरवलेले सारे उलथून टाकू पाहते. मी स्वतः हे केलेले आहे. एका भेटीत मी बाईंचा स्वयंपाक, गोळ्यांच्या वेळा, अंथरुणाची जागा, सर्व दोन दिवसांत बदलले आणि परत आलो. आठवड्यात आईचा रक्तदाब बिघडला आणि बाई काम सोडून निघाल्या. त्या परत आल्या तो त्यांचा मोठेपणा. त्या दिवसापासून माझा नियम असा आहे की खर्च आणि दप्तर दूरच्याने सांभाळावे, आणि रोजच्या निर्णयात जवळच्याचा शब्द अखेरचा मानावा; मग जवळची ती सख्खी बहीण असो, भावजय असो, की पगारी बाई.

दप्तर हा शब्द मी मुद्दाम वापरतो. औषधांची चालू यादी, बँकेचे नामनिर्देशन, कुलमुखत्यारपत्र, निवृत्तिवेतनासाठी वर्षातून एकदा द्यावयाचा हयातीचा दाखला, जो २०१४ पासून बोटांच्या ठशावर आणि आता चेहऱ्यावरूनही देता येतो, आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदतक्रमांक, हे सर्व पुण्यात बसून होते, आणि जवळच्या माणसाच्या डोक्यावरचे ओझे त्याने खरोखर उतरते. कायद्यालाही दूरस्थ अपत्य अपरिचित नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली जो अधिनियम झाला, त्यात आईबाप स्वतःच्या जिल्ह्यात किंवा मुले राहतात त्या जिल्ह्यात, कोठेही दाद मागू शकतात. म्हणजे दोन जिल्हे वेगळे असू शकतात हे कायद्याने गृहीतच धरले आहे. त्याने शिक्षा ठेवली आहे, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड, ती आईबापांना टाकून देणाऱ्यास. दूर राहणाऱ्यास नव्हे. आणि विवाहित मुलीवरही हे दायित्व आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच, एका वडिलांच्या अर्जावर दिलेला आहे. तेव्हा 'मुलगा दूर आहे हो' या हळहळीत मुलीला विसरणेही आता पुरे झाले.

स्नेह्यांना, आणि ज्या ज्या गल्लीत असे एकटे म्हातारे घर आहे तेथील सर्वांना माझी विनंती आहे. दूरच्या मुलाला बोल लावावयाचा असेल तर अवश्य लावा. पण त्याआधी त्या घराची एक किल्ली आपल्याकडे मागून घ्या, आणि तिचा उपयोग झाला की त्याला फोन करा.