सूचिकाराला कारकून म्हणणाऱ्यांस

ग्रंथसूची करणे म्हणजे कारकुनी, अशी समजूत विद्वानांत रूढ आहे. आम्हांला ती साफ अमान्य आहे.

मोरित्झ श्टाइनश्नायडर (१८१६–१९०७) याचेच उदाहरण घ्या. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील छापील हिब्रू ग्रंथांची त्याची लॅटिन सूची १८५२ ते १८६० या काळात प्रसिद्ध झाली. पुढे लायडन, म्यूनिक, हँबुर्ग व बर्लिन येथील हिब्रू हस्तलिखितांच्या सूचीही त्याने केल्या. विद्यापीठात प्राध्यापकपद मात्र त्याला कधी लाभले नाही. १८६९ ते १८९० तो बर्लिनच्या ज्यू समाजाची मुलींची शाळा सांभाळीत होता.

हे काम यांत्रिक होते काय? मैमोनिडीसने आपला प्रमुख तत्त्वज्ञानग्रंथ लिहिला अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत. केवळ लिपी ओळखणारा त्याला हिब्रू ठरवून मोकळा होईल. तो ग्रंथ दोन्ही परंपरांचा आहे, हे दोन्ही भाषा जाणणाऱ्या सूचिकारालाच दिसते. मध्ययुगातील हिब्रू अनुवादांवरचा श्टाइनश्नायडरचा १८९३ चा बृहद्ग्रंथ अशाच जाणकारीवर उभा आहे.

चुकीची नोंद झालेला ग्रंथ असून नसल्यासारखाच. तेव्हा सूचिकाराला तळटीपेतही जागा न देणाऱ्यांनी, आपली विद्वत्ता कोणाच्या कष्टांवर पोसली आहे, हे एकदा स्वतःस विचारावे.