लेझर कटर घरी बनवा, पण आधी चष्मा घ्या



लेझर म्हटलं की आपल्याला रान सपाट करणारा लेव्हलर आठवतो. आमच्या पुतण्याने यंदा घरीच लेझरने प्लायवूड कापायचं मशीन बनवलं. गावात कोणी म्हणालं रिकामा उद्योग, कोणी म्हणालं आम्हालाही करून दे. माझं म्हणणं जरा वेगळं आहे.

मशीन साधं आहे. ॲल्युमिनियमची चौकट, तीन स्टेपर मोटरी, आर्डुइनो बोर्ड, त्यात जीआरबीएल नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि निळ्या उजेडाचा डायोड लेझर. कॉम्प्युटरवर आकार काढायचा, मशीन त्या रेषेवर लेझर फिरवतं. खर्च आला 14 हजार.

उपयोग म्हणाल तर आहे. कांद्याचा आकार बघायला 45 आणि 55 मिलिमीटर भोकांची फळी केली. क्रेटवर नाव मारायला स्टेन्सिल केलं. वाणांच्या ओळीत लावायला पाट्या केल्या, रंगवलेलं नाव पावसात जातं तसं हे जात नाही.

घेताना एक बघा. जाहिरातीत '40 वॅट' लिहिलेलं असतं, तो पुष्कळदा विजेचा आकडा असतो. उजेडाची ताकद 5 वॅटच निघते. म्हणून 'ऑप्टिकल पॉवर किती' हेच विचारायचं. 5 वॅटवर 3 मिलिमीटर प्लाय दोन-चार फेऱ्यांत कापलं जातं. पारदर्शक ॲक्रिलिक मात्र कापत नाही, निळा उजेड आरपार जातो. त्याला कार्बन डायऑक्साइडचा लेझर लागतो. तो 1964 साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म आपल्या बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. अभिमान वाटतो, पण त्या मशीनला हजारो व्होल्ट लागतात. पहिल्यांदा करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता खरं सांगायचं ते. पोराने सुरुवातीलाच चष्म्याला 2,800 रुपये मागितले होते. मीच म्हटलं, "आधी चालतंय का बघ, चष्म्याचं नंतर बघू." त्याने मोटारसायकलवर घालायचा काळा गॉगल लावला. चौथ्या दिवशी प्लाय सरकू नये म्हणून स्टीलची पट्टी ठेवली आणि उजेड तिच्यावरून उसळून डोळ्यात गेला. क्षणभरच. डॉक्टर म्हणाले, पडद्यावर भाजल्याचा डाग आहे, भरून येईल असं नाही. पोरगं 22 वर्षांचं. डाव्या डोळ्याने वाचताना अक्षरावर ठिपका येतो म्हणतो. मला काही बोलत नाही, पण मला माहीत आहे ते 2,800 कोणी वाचवले.

लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळलाय ना? डोळ्याचं भिंग तसंच काम करतं, आत पडदा जळतो. पापणी मिटेपर्यंत काम झालेलं असतं. साधा काळा गॉगल लेझर अडवत नाही, उलट अंधारामुळे बाहुली मोठी होते. चष्मा 450 नॅनोमीटरसाठीचाच हवा, त्यावर 'ओडी 5' किंवा जास्त लिहिलेलं हवं. आणि मशीन उघडं ठेवायचं नाही. झाकणाची पेटी हवी, झाकण उघडलं की लेझर बंद पडेल असा स्विच हवा.

धुराचंही तसंच. आपल्या वाड्यात पीव्हीसी पाइपाचे तुकडे पडलेले असतात, घरात फ्लेक्स आणि रेक्झिन असतं. हे लेझरखाली घालायचं नाही. पीव्हीसी जळालं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, छातीत ओलाव्याला लागला की त्याचं ॲसिड होतं. मशीनचं लोखंडही गंजतं. प्लायचा धूरसुद्धा पंखा लावून नळीने बाहेर काढा. कडब्याजवळ, गोठ्यात मशीन मांडू नका. चालू ठेवून चहाला जाऊ नका. आग लागली तर आधी मेन स्विच.

2017 साली यवतमाळला फवारणी करताना माणसं गेली, तेव्हा आपण सगळे मास्क-हातमोज्यांबद्दल बोललो. आणि मी त्यातलाच असून घरात हेच केलं. पंप आधी, मास्क नंतर. लेझर आधी, चष्मा नंतर.

म्हणून माझं मत असं. पोरांना हे मशीन करू द्या, हात आणि डोकं दोन्ही चालतं. पण खरेदीच्या यादीत चष्मा, पेटी आणि पंखा वर लिहा, लेझर सगळ्यात खाली. तेवढे पैसे नसतील तर एक हंगाम थांबा.

आमचं मशीन आता पेटीत चालतं. बघायला या. चष्मे दोनच आहेत, एक पुतण्याला लागतो. तेव्हा एका वेळी एकच माणूस आत येईल, बाकीच्यांनी अंगणात बसून चहा घ्यायचा.