धुऱ्यावरची झोळी

दसरा उलटला की हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या तालुक्यांतील वावरांत कापसाची वेचणी सुरू होते, आणि जिला किलोवर मजुरी मिळते ती बाई धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधून, तीत तान्हे निजवून, कमरेची ओटी भरू लागते. झोका देण्याचे काम बहुधा पाच-सहा वर्षांच्या, म्हणजे स्वतःच बालवाडीत बसावयाच्या वयाच्या, बहिणीकडे असते. लेकराला पाजण्यात गेलेली घटका सायंकाळी तराजूत उणी भरते.

चहा, कॉफी, रबराच्या मळ्यांतील मजूर स्त्रियांचा विचार कायद्याने पूर्वीच केला होता. जेथे पन्नास वा अधिक स्त्रिया राबतात, तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याची जबाबदारी १९५१ च्या कायद्याने मालकावर टाकली. ती कितपत पाळली गेली हा निराळा विषय. परंतु दाद मागावयास तेथे निदान एक मालक तरी आहे. आमच्या वेचणाऱ्या बाईचा मालक आज एक, उद्या दुसरा, आणि तोही बहुधा दोन-चार एकरांचा, सोसायटीच्या कर्जाखाली वाकलेला कास्तकार. त्याच्यावर पाळणाघराचा बोजा टाकणे म्हणजे एका गरिबाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर देणे.

वस्तुतः जानेवारी १९४५ मध्ये याच वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीम सात वर्षांखालील मुलांपर्यंत पोचवण्याचा विचार मांडला गेला, आणि शांता नारुळकरांनी तेथे पूर्व-बुनियादीचे काम उभे केले. पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच कुरणात नेली. पण आजची अंगणवाडी काही तास चालते आणि तीन वर्षांखालील मुलाला आहार व लस देऊन घरी पाठवते. त्या घराला मात्र वेचणीच्या दिवसांत सायंकाळपर्यंत कुलूप असते.

मालक अनेक असले, तरी बहुतेक कापसावर बाजार समितीचा सेस बसतो, आणि तो खरेदीदाराकडून घेतला जातो. त्यातील अल्पसा हिस्सा राखून, दसऱ्यापासून माघापर्यंत गावच्या अंगणवाडीतच, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, दोन बायांच्या देखरेखीखाली पाळणाघर चालवावे. व्यापारी तो पैसा भावातून वसूल करील, अशी हरकत येईल. ती सर्वस्वी खोटीही नाही. परंतु सेसच्या पैशातून आवारे, गाळे आणि वजनकाटे उभे राहिले, तेव्हा ही हरकत कोणी इतक्या तळमळीने घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. १९६३ चा पणन कायदा आड येत असल्यास त्यात दुरुस्ती करवून घेणे हे जिल्ह्याच्या आमदारांचे काम आहे, आणि पुढील दसऱ्याला अद्याप अवकाश आहे.