शाळेच्या खोलीतले चित्र

‘अखलाक बिघडवणारी पुस्तके शिक्षकाने वाचू नयेत,’ असे एका बुजुर्ग गृहस्थांनी मला सुनावले. माझ्या हातात ऑस्कर वाइल्डची ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ होती. त्यांनी ती वाचलेली नव्हती. लेखक तुरुंगात गेला होता, एवढी माहिती त्यांना पुरेशी वाटली.

हा आक्षेप जुनाच आहे. जुलै १८९० मध्ये ही कादंबरी ‘लिपिनकॉट्स’ मासिकात आली, तेव्हा लंडनच्या वृत्तपत्रांनी तिच्यावर झोड उठवली. डब्ल्यू. एच. स्मिथ या विक्रेत्यांनी तो अंक आपल्या स्टॉलवरून काढून टाकला. १८९५ मध्ये भर न्यायालयात वकिलाने याच कादंबरीवरून वाइल्डला जाब विचारला.

पण कादंबरी सांगते काय? देखणा डोरियन मागणे मागतो की, आपण तरुण राहावे आणि म्हातारे व्हावे ते आपल्या चित्राने. मागणे पुरे होते. सिबिल व्हेन या नटीला झिडकारून तो घरी येतो, तेव्हा चित्रातल्या ओठांवर क्रूरपणाची रेषा उमटलेली असते. तिने जीव दिल्याची बातमी त्यानंतर येते! म्हणजे चित्र परिणामाची वाट पाहत नाही, ते नियत टिपते.

शेवटी एका खेड्यातल्या मुलीला नादी लावून मग तो सोडून देतो आणि तेवढ्यावर स्वतःला नेक समजू लागतो. आता चित्र सुधारले असेल, या आशेने पडदा दूर करतो. चित्रात दिसतो ढोंग्याचा चेहरा! नेकीसुद्धा त्याने स्वतःच्या कौतुकासाठीच केलेली असते.

मित्रहो, याला आपण रियाकारी म्हणतो. तिला लहान शिर्क म्हणणारे आपण, रमजानमध्ये रेशनची पिशवी देताना गरीब बाईला कॅमेऱ्यासमोर उभी करतो. या पुस्तकाची भीती आपल्याला नेमकी कशासाठी वाटते, पोरांच्या अखलाकसाठी की आपल्या फोटोसाठी?

लॉर्ड हेन्रीची गोड वाणी तरुणांना भुलवील, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पहिल्या वाचनात मीही भुललो. पण तो स्वतः खून करीत नाही, फक्त बोलतो. बरबाद होतात ते ऐकणारे. असली माणसे ओळखायला आमच्या मुलांनी शिकायचे कुठे?

मी वाइल्डचेही सगळे मानत नाही. १८९१ च्या पुस्तकाला जोडलेल्या प्रस्तावनेत तो साहित्याला नैतिकतेची फूटपट्टी लावायलाच नकार देतो. पण त्याआधी, १८९० मध्ये एका संपादकाला लिहिलेल्या पत्रात त्यानेच कबूल केले होते की, या कादंबरीत बोध आहे. तोच त्याला तिचा दोष वाटत होता. मला तोच तिचा गुण वाटतो, म्हणून तिच्यावर माझे प्रेम आहे.

डोरियनने ते चित्र दडवले कुठे, ठाऊक आहे? घराच्या वरच्या मजल्यावर, लहानपणी तो जिथे धडे गिरवीत असे त्या खोलीत. तिला कुलूप लावून किल्ली त्याने स्वतःजवळ ठेवली. आत चित्र सडतच राहिले. आम्ही शिक्षकांनी तरी ते कुलूप लावू नये.